फाइल लावूनही कागद सापडत नाही? पेन्सिल कुठे अडते ते बघा

तक्रार बहुतेक घरांत एकाच शब्दांत ऐकू येते. "दिवाळीच्या सुट्टीत सगळे कागद काढून बसलो, नव्या फायली आणल्या, लेबलं लावली. तुळशीचं लग्न लागेपर्यंत टेबलावर पुन्हा तोच ढीग." मग माणूस स्वतःला आळशी म्हणवून घेतो आणि पुढच्या दिवाळीत आणखी महागाच्या फायली आणतो.

माझी सगळी नोकरी कचेरीत गेली, आणि सुरुवात झाली बारनिशीत. कचेरी आतून न पाहिलेल्यांसाठी सांगते. बाहेरून आलेलं टपाल सर्वांत आधी जिथे उतरतं ते टेबल म्हणजे बारनिशी. तिथला कारकून पाकीट फोडतो, आवकचा शिक्का मारतो, तारीख आणि क्रमांक टाकतो, कागद कोणत्या टेबलाचा ते कोपऱ्यात लिहितो आणि पुढे सरकवतो. फाइल लावणं त्याचं काम नाही, ते दुसऱ्याचं. निवृत्त झाल्यापासून नात्यातल्या घरांतून "ताई, एकदा येऊन आमची कपाटं बघ" अशी बोलावणी येतात. तिथे तेच ते बिघाड दिसतात, आणि त्यातले निम्मे या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात: घरात बारनिशी नसते.

आधी तपासणी, मग खरेदी

स्टेशनरीच्या दुकानात जाऊ नका. ढिगातले वरचे वीस कागद घ्या आणि एक साधी पेन्सिल. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तो कोणत्या फायलीत जाणार ते लिहा. मूळ दस्तऐवज आणि प्रमाणपत्रं तेवढी वगळा, त्यांच्यावर काहीच लिहायचं नाही. फायली अजून नसल्या तरी चालेल, मनात येईल ते नाव लिहा.

आता हात कुठे अडतो ते बघा. वीस कागदांत पेन्सिल दोन-तीनदा अडली तर तुमची विभागणी ठीक आहे, दुखणं दुसरीकडे आहे. सात-आठ वेळा अडली तर दोष तुमच्या आळसाचा नाही, फायलींच्या यादीचा आहे. कागद फायलीत न जाता टेबलावर राहतो, कारण तो कुठे जाणार हे ठरलेलं नसतं. ठरवायला डोकं लागतं, आणि संध्याकाळी सात वाजता, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, डोकं नसतं.

माझ्याच घरी मी पहिल्यांदा फायली लावल्या तेव्हा एकतीस केल्या होत्या. लाईट वेगळी, गॅस वेगळा, पाणीपट्टी वेगळी, टेलिफोन वेगळा. रंगीत लेबलं सुद्धा! महिनाभर मिरवले. मग सोसायटीचं एक पत्र आलं, पाण्याच्या मीटरविषयी. ते सोसायटीत घालू की पाणीपट्टीत? ते पत्र फ्रीजवर चुंबकाखाली चार महिने होतं. शेवटी यांनी काढून त्याच्या मागे किराणा लिहिला.

"हा कशाचा कागद" नाही, "हा कोण मागणार"

पेन्सिल अडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आपण कागदाला विचारतो, तू कशाचा? गृहकर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र कशाचं? बँकेचं, कर्जाचं आणि घराचंही. तीन उत्तरं आली की हात थांबतो. त्याऐवजी विचारायचं: हा कागद माझ्याकडे परत कोण मागणार? कर्ज फिटल्याचं पत्र उद्या घर विकताना समोरच्याचा वकील मागणार. म्हणजे 'घर'. बँकेच्या व्याजाचं प्रमाणपत्र दिसायला बँकेचं, पण मागणार कर भरून देणारा सीए. म्हणजे 'आयकर'. मुदत ठेवीची पावती मात्र बँकच मागणार. लाईट बिल पत्त्याचा पुरावा म्हणून दहा जण मागतात, पण ते घराचं म्हणून 'घर'मध्येच.

असं विचारलं की एकतीस फायलींच्या नऊ होतात. माझ्याकडे आता अशा आहेत: १ माणसं (प्रत्येकाचा स्वतंत्र फोल्डर: जन्मदाखला, गुणपत्रिका, आधार, पॅन), २ घर, ३ गाव, ४ बँक, ५ आयकर, ६ विमा-दवाखाना, ७ गाडी, ८ वस्तू, ९ इतर. तुमच्या आठ होतील, नाहीतर अकरा. पंधराच्या वर गेल्या तर पुन्हा पेन्सिल घेऊन बसा.

क्रमांक का, असं भाचीने विचारलं. नावं आपण बदलत राहतो, क्रमांक बदलत नाही, म्हणून. सातबाराचंच घ्या. सातबारा हे कागदाचं नाव नाहीच मुळी. तलाठ्याच्या दप्तरात एक ते एकवीस असे गाव नमुने ठरलेले आहेत. नमुना सात अधिकाराचा, नमुना बारा पिकांचा, दोन्ही एकाच कागदावर म्हणून सातबारा. आठ-अ खातेदाराचा, सहा फेरफाराचा. तलाठी बदलला, गाव बदललं, तरी सातला सातच म्हणतात. इतकं घट्ट, की ज्याने आयुष्यात दप्तर पाहिलं नाही त्याच्याही तोंडी तो क्रमांकच नाव म्हणून बसला. घरात निदान कपाटापुरतं तेवढं साधायला हरकत नाही.

एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही, हेही त्यातच आलं. गाडी विकली तरी सात नंबर दुसऱ्या कशाला देऊ नका. वर्षाने जुना कागद हाती येतो, कोपऱ्यात ७ असतं, आणि फाइल उघडली तर आत मुलाच्या क्लासच्या पावत्या.

फाइल आहे, कागद आहे, तरी सापडत नाही

हा बिघाड मी डोंबिवलीला धाकट्या बहिणीकडे पाहिला. भावजींना रात्री अकराला दवाखान्यात नेलं. कॅशलेसच्या टेबलावर पॉलिसीचा नंबर मागितला. घरी भाचा एकटा, कपाट उघडून उभा, आणि फोनवर आई. "विमा लिहिलंय बघ." त्यात सगळे जीवनविम्याचे बाँड. "मग मेडिक्लेम नावाची असेल, बाबांनी केलेली." त्यात तीन वर्षांपूर्वीची पॉलिसी, जुन्या कंपनीची. चालू वर्षाची कुठे? ती भाच्यानेच ऑनलाइन काढली होती, प्रिंट घेतली होती, आणि 'हेल्थ' असं लिहून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली होती. ते त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. तोवर अनामत रक्कम भरून झाली होती.

तिघेही नेटके. तिघांनीही कागद जपून ठेवला, आणि प्रत्येकाने आपापल्या शब्दात. एकाच वस्तूची तीन नावं असली की घरात तीन दप्तरं तयार होतात, आणि कोणालाच त्याचा पत्ता नसतो.

यावरचा उपाय साधा आहे, फक्त वाद होतो. घरातल्या सगळ्यांनी बसून एकच शब्द ठरवायचा. मी सांगते की तोंडात असलेला शब्द घ्या. शुद्ध नको, इंग्रजी की मराठी हेही बघू नका. घरात सगळे मेडिक्लेम म्हणत असतील तर फायलीवर 'आरोग्य विमा' लिहून काय उपयोग? रात्री अकराला तोंडात येतो तोच शब्द पाठीवर हवा. मग ती यादी, क्रमांक आणि नाव, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोबाइलमध्ये तिचा फोटो प्रत्येकाकडे असू दे.

वर्षाचंही तसंच. काही कागद जानेवारी-डिसेंबर लावलेले, काही एप्रिल-मार्च, शाळेचे जून ते मे. फायलीवर नुसतं '२०२४' लिहिलेलं असलं की फेब्रुवारीतली पावती दोन ठिकाणी शोधावी लागते. घरासाठी एकच वर्ष धरा, आर्थिक वर्ष. लेबल '२०२४-२५' असं पूर्ण लिहा. शाळेचे कागद वर्षावर लावूच नका, ते मुलाच्या फोल्डरमध्ये इयत्तेने लावा.

ढीग परत का येतो

विभागणी सुधारली, नावं ठरली, तरी महिन्याने टेबल भरतं. आता बारनिशीकडे या.

दाराजवळ, चाव्या ठेवतो तिथे, एक ट्रे ठेवा. पत्र्याचा, लाकडी, मिठाईच्या खोक्याचं झाकण, काहीही. शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. दोरी हवीच, नाहीतर पेन्सिल तिसऱ्या दिवशी गणिताच्या वहीत जाते. जो पाकीट फोडतो त्याने तिथेच, उभ्या उभ्या, कोपऱ्यात तारीख आणि फायलीचा क्रमांक लिहायचा आणि कागद ट्रेमध्ये टाकायचा. बस. फाइल काढायची नाही, पंच करायचं नाही. कागद नुकताच वाचलेला असतो, तो कोणाला लागणार हे त्या क्षणी जितकं स्पष्ट असतं तितकं रविवारी नसतं.

रविवारी, किंवा पंधरवड्यातून एकदा, कोणीही तो ट्रे उपसावा. क्रमांक बघायचा, फायलीत लावायचा. विचार करायचाच नाही. आमच्याकडे हे काम यांच्याकडे आहे. हे त्यांच्या खात्यात साहेब होते, पण कारकुनी काम साहेबांनाही जमतं असं माझ्या लक्षात आलं आहे.

ज्या कागदावर क्रमांक लिहिता आला नाही, त्यावर प्रश्नचिन्ह करायचं. महिनाअखेर प्रश्नचिन्हांचे कागद एकत्र बघा. एकाच जातीचे तीन दिसले तर यादीत एक फाइल कमी आहे. माझ्याकडे 'गाव' ही फाइल अशीच निघाली. सासऱ्यांच्या नावच्या जमिनीचे कागद कधी घरात, कधी बँकेत, कधी माणसांत जात होते, कारण त्यांना स्वतःचं घरच नव्हतं.

इथवर नीट झालं तरी ट्रेच्या तळाशी पाच-सहा कागद हलत नाहीत. नीट बघा, त्यांचं काम अर्धवट आहे. क्लेम पाठवलाय, उत्तर नाही. पासपोर्टचा अर्ज केलाय, पोलीस पडताळणी बाकी. फाइल लावली तर विसरू अशी भीती, म्हणून ते डोळ्यांसमोर ठेवलेले, आणि त्यांच्यावर बाकीचे येऊन बसतात. कचेरीत यासाठी सहा गठ्ठा पद्धत आहे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (म्हणजे ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा येणारी कामं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. घरात सहा गठ्ठे बांधायला मी सांगत नाही. पण दुसरा गठ्ठा, प्रतीक्षाधीन, उचलाच. म्हणजे आपण आपलं काम केलंय, आता चेंडू समोरच्याकडे आहे असे कागद. एक वेगळा प्लास्टिकचा फोल्डर, वर 'वाट बघतोय' असं लिहिलेला. प्रत्येक कागदावर पुढची तारीख: '१५ तारखेला फोन करणे'. रविवारी ट्रे उपसताना हा फोल्डर उघडायचा. आमच्या टेबलावरचा अर्धा ढीग या एका फोल्डरने गेला.

तिसरा गठ्ठाही थोडा उपयोगी आहे. मेडिक्लेमचं नूतनीकरण, मालमत्ता कर, गाडीचा विमा आणि पीयूसी यांच्या तारखा दारावरच्या यादीखाली लिहून ठेवा.

कचेऱ्यांनाही हे सहज जमलेलं नाही, बरं का. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी तिथल्या कागदांची आणि कामाची फेरमांडणी केली. ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर बोलली गेली. आम्हाला प्रशिक्षणात त्याचं नाव ऐकवत. परत टेबलावर आल्यावर कपाटावरचे, जुने कागद बांधलेले लाल रुमाल तसेच असत, तो भाग वेगळा.

काढलेला कागद परत जात नाही

झेरॉक्ससाठी मूळ कागद काढला की तो पर्समध्ये, गाडीच्या डिकीत, किंवा झेरॉक्सवाल्याच्या काचेखालीच राहतो. शेवटचं माझ्या बाबतीत दोनदा घडलंय, दोन्ही वेळा आधार कार्ड.

सतत लागणाऱ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स फोल्डरच्या दर्शनी भागात ठेवा. एक दिली की यादीत लिहा, दुसरी उरली की पुन्हा काढा. मूळ कागद काढायचाच झाला तर त्याच्या जागी जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी घाला: काय, कोणी, कोणत्या तारखेला, कशासाठी. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला या चिठ्ठ्या छान होतात. ती चिठ्ठी फायलीच्या बाहेर बोटभर डोकावली पाहिजे, म्हणजे कपाट उघडताच दिसते.

एक कागद दोन ठिकाणी लागतो तिथेही चिठ्ठीच: कागद एका फायलीत, दुसरीत तो कुठे आहे ते सांगणारी चिठ्ठी. दोन झेरॉक्स दोन फायलींत लावू नका. वर्षाने एक जुनी असते, एक नवी, आणि खरी कोणती ते कळत नाही.

गृहकर्जाचं तर खास सांगते. कर्ज घेताना मूळ खरेदीखत बँकेत जातं, आणि त्या वेळी बँक जमा केलेल्या कागदांची यादी देते. ती यादी 'घर'मध्ये सर्वांत वर ठेवा. कर्ज फिटलं की तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण काय काय दिलं होतं हेच तुमच्याकडे नसेल तर काय परत आलं नाही ते सांगणार कसं?

कागद फायलीत मावत नाही, वाकतो, फाटतो

हा मापाचा बिघाड. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. आपले करारनामे, खरेदीखतं लीगल कागदावर, ते २१६ बाय ३५६. म्हणजे जवळजवळ सहा सेंटिमीटर लांब. ए-४ च्या फायलीत ते खालून दुमडावे लागतात. दुमडलेली जागा दोन वर्षांत चिरते, आणि नेमकी सह्या तळाशी असतात. घराची आणि गावाची फाइल एफएस, म्हणजे फुलस्केप, मापाचीच घ्या, आणि दुकानात एक लांब कागद घालून बघूनच पैसे द्या.

पंचिंगमध्ये लोक घाई करतात. पंचिंग मशीनची दोन भोकं ऐंशी मिलिमीटर अंतरावर असतात, पण कागद वर-खाली सरकला की प्रत्येकाची भोकं वेगळ्या उंचीवर पडतात. मग गठ्ठा पायरीसारखा दिसतो आणि बाहेर आलेल्या कडा फाटतात. कागदाची डावी कड मधोमध चिमटीत हलकी दुमडा, खूण उमटेल, ती मशीनवरच्या बाणाशी लावा. पाच सेकंदांचं काम आहे. मूळ दस्तऐवज, गुणपत्रिका, शेअर सर्टिफिकेट यांना भोक पाडायचंच नाही. ते पारदर्शक खिशात ठेवायचे, आणि भोकं त्या खिशाच्या पट्टीला असतात.

लॅमिनेशनचा मोह आवरा. आमच्या पिढीने दहावीच्या गुणपत्रिका हौसेने लॅमिनेट केल्या. पुढे मुलं परदेशी शिकायला निघाली, प्रमाणित करून घ्यायची वेळ आली, तेव्हा कळलं की प्लास्टिकवर ना शिक्का बसतो ना सही. सोलायला गेलं तर शाई निघून येते.

कागद आहे, अक्षर नाही

फ्रीज घेतला, पावती जपून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, वॉरंटीची वेळ आली तेव्हा पांढरा कागद. दुकानातली छोटी गुळगुळीत पावती शाईने छापलेली नसते. त्या कागदावर उष्णतेने काळा होणारा लेप असतो. ऊन, उष्णता, आणि मऊ पीव्हीसीच्या पिशवीतलं रसायन यांनी अक्षर उडतं. म्हणजे जपून ठेवल्यानेच गेली! घरी आल्या दिवशी झेरॉक्स काढा आणि मूळ पावती तिला जोडून 'वस्तू'मध्ये ठेवा. उन्हात थोडी धरून बघितली, असं करू नका, उरलंसुरलं अक्षरही जाईल.

त्याच मऊ पिशव्यांना झेरॉक्सची शाई चिकटते. कागद ओढला की मजकूर पिशवीवर उलटा उमटलेला दिसतो. कडक, वास नसलेले खिसे घ्या.

पावसाळ्याचं कोकणातल्या लोकांना सांगायला नको. माहेरी ट्रंक भिंतीला लावून ठेवलेली असायची आणि दर गणपतीला वडील कागद बाहेर काढून घरात पंख्याखाली पसरायचे. स्टेपलरच्या पिना गंजून कागदावर तपकिरी चंद्रकोर उमटलेली, रबर बँड विरघळून चिकटलेले. आता मी कायम ठेवायच्या कागदांच्या पिना काढून टाकते आणि सुती टॅग वापरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. सर्वांत खालचा कप्पा कागदांना नाही, वाळवी खालून येते. कसर लागू नये म्हणून आई वेखंडाचे तुकडे ठेवायची, मी अजून ठेवते.

फायली फुगल्या, टाकायला हात होत नाही

मराठी घरात कागद टाकणं म्हणजे पाप. "असू दे, लागेल." आणि खरंच काही कागद पन्नास वर्षांनी लागतात, म्हणून भीती खोटी नाही. पण सगळेच ठेवले की लागणारा कागद त्या ढिगात बुडतो.

कचेरीतलं वर्गीकरण इथे कामाला येतं. अ वर्ग कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, क दहा वर्षं, ड एक वर्ष. घरात ब फारसा लागत नाही. अ, क आणि ड पुरे, आणि ते अक्षर कोपऱ्यातल्या क्रमांकापुढेच लिहा: '२ ड', '५ क'. लाईट बिल भरल्याचा पुढच्या बिलात उल्लेख आला की ड. मी वर्षभर ठेवते आणि एप्रिलमध्ये रद्दीत घालते. आयकराचे कागद क, माझ्याकडे दहा वर्षं. कमी चालेल असं सीए म्हणतात, पण एक बोटभर फाइल आहे, असू दे. रद्दीत घालण्याआधी खाते क्रमांक आणि सही असलेला भाग फाडून घ्या.

अ वर्गात काय, हे मात्र नीट ठरवा. खरेदीखत, सूची क्रमांक दोन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्म-मृत्यूचे दाखले, गुणपत्रिका, ही नावं सगळ्यांना सुचतात. सुचत नाही तो आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. पिवळा, चार घड्यांचा, माणूस जाऊन वीस वर्षं झालेला कागद कोणीतरी आवरताना टाकून देतं. आणि मग नातवाची जात पडताळणी येते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे लागतात. ते पणजोबांच्या दाखल्यात, जमिनीच्या जुन्या नोंदींच्या खासरापत्रकात, महसुलाच्या पावतीत सापडतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा कचेऱ्यांतले मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल उघडावे लागले आणि मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं. घरात मोडीतला कागद असेल आणि कोणाला वाचता येत नसेल, तरी तो अ.

उलट, ताजा सातबारा जमवत बसू नका. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या पोर्टलवर पंधरा रुपयांत मिळतो, आणि तसाही ताजा उताराच सगळे मागतात. सासऱ्यांच्या फायलीत एकाच गटाचे चौदा छापील उतारे होते. त्यातला एक ठेवला आणि तेरा काढले. हाताने लिहिलेले जुने उतारे आणि फेरफार मात्र राहिले.

'इतर' फुगतेय का

'इतर' नको असं सांगणारे लोक आहेत. मला पटत नाही. ती नसली की तेच कागद टेबलावर राहतात. पण ती फाइल मी मुद्दाम सर्वांत पातळ घेतली आहे, साधी पुठ्ठ्याची, वीस-पंचवीस कागदांत भरणारी. भरली की नवी आणायची नाही, आहे तीच उपसायची. गेल्या खेपेला तिच्यात निघालं ते असं: देवस्थानाच्या दोन पावत्या, नाटकाची तिकिटं, एका बिल्डरचं माहितीपत्रक, चष्म्याचा नंबर, आणि भाच्याच्या मुंजीत कोणी किती आहेर केला त्याची यादी. चष्म्याचा नंबर सहात गेला. बाकी टाकायला निघाले, तर हे म्हणाले, "आहेराची यादी ठेव, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे लग्न आहे."

ती आता 'वाट बघतोय'मध्ये आहे.